इतिहास तपासणाऱ्याचीही तपासणी

महाराष्ट्रातले इतिहासाचे वाद हॅम्बुर्गमध्ये बसून वाचताना एक गोष्ट सतत खटकते. कुणी प्रचलित इतिहासाला हात लावला की एका बाजूला तो मोडतोड करणारा ठरतो आणि दुसऱ्या बाजूला सत्य उजेडात आणणारा. त्याने कोणती कागदपत्रे पाहिली, हे विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही. वास्तविक फेरमांडणी हे इतिहासकाराचे नित्याचेच काम आहे. संभाजी महाराजांची व्यसनी, अविचारी ही प्रतिमा बरीचशी मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून आली. ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर (1689) शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनीच देहदंड दिला होता. वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे साधने धुंडाळून 1960 मध्ये चरित्र प्रसिद्ध केले, पुढे डॉ. कमल गोखले यांनी त्या कामात भर घातली आणि ती प्रतिमा पालटली.

इथल्या एका प्रदर्शनाची हकिगत मला म्हणूनच सांगावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धातले अत्याचार नाझी पक्षाच्या दलांनी केले, सैन्य मात्र स्वच्छ राहिले, ही जर्मनीतली लाडकी समजूत होती. हॅम्बुर्गच्या एका समाजशास्त्रीय संशोधन संस्थेने 1995 पासून गावोगावी फिरवलेल्या छायाचित्र प्रदर्शनाने तिला धक्का दिला. म्युनिकमध्ये मोर्चे निघाले, 1999 मध्ये झारब्रुकेनला बॉम्बही फुटला. तरीही प्रदर्शन थांबले ते बॉम्बमुळे नव्हे. काही छायाचित्रांतले मृतदेह जर्मन सैन्याच्या नव्हे, तर सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या बळींचे आहेत, असे बोग्दान मुशाव या पोलिश इतिहासकाराने दाखवून दिले, तेव्हा संस्थेने प्रदर्शन मागे घेऊन इतिहासकारांची समिती नेमली. समितीला चुका सापडल्या, निष्काळजीपणाबद्दल तिने आयोजकांना बोलही लावला, पण मूळ निष्कर्ष खरा असल्याचे सांगितले. 2001 मध्ये नव्याने रचलेले प्रदर्शन पुन्हा खुले झाले.

पुण्यात लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा 2010 मध्ये महापालिकेच्या ठरावाने, पोलीस बंदोबस्तात हलवण्यात आला. दादोजी शिवरायांचे गुरू होते की नव्हते, हा साधनांच्या आधारे वाद घालण्याजोगा प्रश्न आहे आणि गुरुपदाची कथा पारखून पाहणाऱ्यांचा तो हक्कच आहे. नगरसेवकांच्या बहुमताने त्याचा निकाल कसा लागणार, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.

जर्मनीचे गोडवे गाण्याचाही हा प्रसंग नव्हे. आजच्या नामिबियात 1904 ते 1908 या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार झाला, त्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला इथल्या सरकारला 2021 उजाडावे लागले.

ज्यूंचा वंशसंहार नाकारणे इथे गुन्हा आहे, तसा कायदा आपल्याकडेही हवा, असे काही मराठी मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. इथला कायदा खुद्द गुन्हेगारांच्या दप्तरांनी आणि न्यायालयांतल्या साक्षीपुराव्यांनी शाबीत झालेल्या घटनेला संरक्षण देतो. आपल्याकडे संरक्षण मागितले जाते ते बहुधा भावनांसाठी, आणि त्या भावनांपायी काय होते ते 2004 च्या जानेवारीत भांडारकर संस्थेत दिसले. एका परदेशी अभ्यासकाच्या लिखाणावर संतापलेल्या जमावाने संस्थेची नासधूस केली. त्यातून जुने ग्रंथ आणि हस्तलिखितेही सुटली नाहीत.