३४० दिवस उलटले म्हणून घोडीला कळांचे इंजेक्शन द्यावे काय?

घोडेपालकांमध्ये सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणात फिरतो आहे. त्याचा आशय असा: घोडी ३४० दिवसांत विते, ३४५ दिवस उलटले तर शिंगरू पोटात वाढतच राहते आणि विताना अडते, म्हणून गाईला देतात तसे इंजेक्शन देऊन कळा आणाव्यात, सडांच्या टोकांवर मेण (मेणासारखा वाळलेला चीक) दिसले की घोडी तयार आहे असे समजावे, आणि असे केल्याने रात्रीची जागरणे वाचतात. यातले प्रत्येक विधान थोडेथोडे खरे वाटते, म्हणूनच ते पुढे पाठवले जाते. त्याबरहुकूम वागणाऱ्याच्या हाती मात्र अपक्व शिंगरू येण्याचा धोका आहे.

३४० हा आकडा सरासरीचा आहे. त्याला मुदत समजणे ही पहिली चूक. निरोगी घोडीचा गाभणकाळ साधारणपणे ३२० ते ३६५ दिवसांच्या दरम्यान कधीही पुरा होऊ शकतो. थंडीच्या अखेरीस, दिवस लहान असताना विणाऱ्या घोड्या पुढे दिवस मोठे झाल्यावर विणाऱ्या घोड्यांपेक्षा सरासरीने काही दिवस, कधी आठ-दहा दिवसही, जास्त घेतात. नर शिंगराला मादीपेक्षा एखाद-दुसरा दिवस अधिक लागतो. आणि गाढवापासून गाभण राहिलेल्या, म्हणजे पोटात खेचर असलेल्या घोडीचा काळ आणखी लांबतो. त्यातच मोजणीची सुरुवातही बहुधा कच्ची असते. घोडीचा माज पाच ते सात दिवस टिकतो, स्त्रीबीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटते, आणि नराचे शुक्रजंतू घोडीच्या शरीरात दोन दिवस, क्वचित त्याहून बरेच जास्त, तग धरतात. सोनोग्राफीने बीज सुटल्याचा दिवस टिपलेला नसेल, तर वहीतल्या तारखेत चार-पाच दिवसांची चूक सहज राहते. नर कळपात मोकळा सोडला असेल, तर तारीख हा निव्वळ अंदाजच.

शिंगरू पोटात वाढत जाऊन अडते, हा संदेशातला सर्वांत भीतिदायक भाग आहे आणि त्याचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड या शास्त्रज्ञांनी केंब्रिजमध्ये अवाढव्य शायर आणि छोट्या शेटलँड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी (कधी आई शायर, कधी आई शेटलँड) संकर केला व त्याचे निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. उंचीतल्या फरकामुळे त्यांना कृत्रिम रेतनाचा आधार घ्यावा लागला. दोन्ही संकरांत आनुवंशिक वाटा निम्मा-निम्मा असूनही, शायर घोडीच्या पोटचे शिंगरू शेटलँड घोडीच्या पोटच्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे भरले. बाप कितीही मोठा असो, शिंगराचे आकारमान आईच्या गर्भाशयाने आवरून धरले. याचे कारण वारेच्या रचनेत आहे. घोडीची वार गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या आतील पृष्ठभागाला चिकटलेली असते आणि त्या पृष्ठभागापलीकडे पोषण मिळवण्याची सोय शिंगराला नसते. वयस्क घोडीच्या गर्भाशयात वण असतील तर वारेला जागा कमी पडते, शिंगरू सावकाश वाढते आणि गाभणकाळ लांबतो. म्हणून ३६० दिवसांनंतर जन्मलेली शिंगरे पुष्कळदा आकाराने बेताची, कधी लहानखुरीही निघतात. घोडी अडते ती बहुतांशी लांब पाय किंवा मान मुडपल्यामुळे, आणि ते ३३० व्या दिवशीही घडू शकते. एक अपवाद सांगितलाच पाहिजे: टॉल फेस्क्यू या गवतातील बुरशीच्या विषामुळे गाभणकाळ खरोखर अनिष्ट रीतीने लांबतो, वार जाड होते आणि कास भरतच नाही. अशा वेळी कोरडी कास हीच खूण असते आणि तत्काळ पशुवैद्याला बोलवावे लागते.

गाईचे उदाहरण तर मुळातच गैरलागू आहे. मेंढीच्या कोकराची आणि गाईच्या वासराची शरीरांतर्गत तयारी विण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. शिंगराच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांलगतच्या) ग्रंथी मात्र जन्मापूर्वीच्या अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत जोमाने कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडू लागतात, आणि फुप्फुसे, आतडी यांची अखेरची पक्वता त्यावर अवलंबून असते. ऑक्सिटोसिनला, म्हणजे कळा आणणाऱ्या इंजेक्शनमधील संप्रेरकाला, या तयारीशी देणेघेणे नाही. गर्भाशय आकुंचन पावते आणि शिंगरू आत काय अवस्थेत आहे याची पर्वा न करता तासाभरात बाहेर येते. असे अपक्व शिंगरू ओळखता येते: रेशमासारखी आखूड लव, घुमटासारखे कपाळ, लोंबकळणारे मऊ कान आणि चोखण्याची ताकद नाही. त्याचे गुडघे व मागच्या पायांचे टाचेचे सांधे यांतील लहान चौकोनी हाडे अजून कूर्चेचीच असतात. ते उभे राहिले म्हणून घरचे आनंदतात, आणि त्याच उभे राहण्याने ती हाडे चेपून पाय कायमचा वाकडा होतो.

मेणाविषयी थोडक्यात. बहुसंख्य घोड्यांत ते विण्यापूर्वी एक-दोन दिवस दिसते. काहींत आठवडाभर आधी, काहींत मुळीच नाही. शिवाय वारेला संसर्ग झाला किंवा पोटात जुळी असली तरी कास अकाली भरते, म्हणजे मेणावर विसंबून इंजेक्शन देणारा नेमक्या आजारी गर्भाला बाहेर काढेल. त्यापेक्षा दुधातील कॅल्शियम मोजणे कितीतरी भरवशाचे आहे. संध्याकाळी चीक दोन-चार थेंब काढावा, तो ठरलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळावा आणि तपासणीची पट्टी बुडवून रंग पाहावा. कॅल्शियम २०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०० भाग) खाली असेल तर त्या रात्री घोडी विण्याची शक्यता फार कमी. वर गेले तर बहुतेक घोड्या दोन-तीन दिवसांत वितात. गर्भाशयात पाणी साठणे किंवा पोटाखालचा स्नायुबंध तुटणे अशा प्रसंगी पशुवैद्य कळा आणण्याचा निर्णय घेतो, पण तेव्हाही किमान ३३० दिवस, भरलेली कास, दुधातील कॅल्शियम आणि सैल झालेले गर्भाशयमुख एवढे तो आधी पाहतो.

राहता राहिले जागरण. ऑक्सिटोसिनने आणलेल्या प्रसूतीत वार वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो. मग पांढुरक्या पडद्याऐवजी मखमलीसारखी लाल पिशवी बाहेर येते आणि आत शिंगराचा प्राणवायू तुटलेला असतो. ती पिशवी त्याच क्षणी कात्रीने कापून शिंगरू ओढून काढावे लागते. पशुवैद्याला फोन करून वाट पाहण्याइतका अवधी नसतो. म्हणजे जागरण वाचवण्यासाठी दिलेल्या इंजेक्शननंतर ठाणाशी कात्री घेऊन जागे बसणे अधिकच आवश्यक होते.