जिरतंय की!

आज डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

संध्याकाळी लेकीला शाळेतून आणताना मागच्या गल्लीत एका घरापुढं प्लंबरचं काम चाललेलं. त्यांचा जुना बोअर मागच्या उन्हाळ्यात आटला, तर त्या आटलेल्या बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे जमिनीत उभ्या उतरवलेल्या पाईपात, मोरीचा आणि बाथरूमचा पाईप सोडत होते. चार इंची पीव्हीसी, एल्बो, सोल्युशन, सगळं अगदी नीटनेटकं. मी म्हटलं काका हे काय, तर म्हणाले, "काही नाही ताई, रस्त्यावर पाणी येतंय म्हणून लोक भांडतेत. आता डायरेक खाली. जिरतंय की!"

आणि लेक, हातात सर्टिफिकेट (पाणी वाचवा पोस्टर स्पर्धा, दुसरा नंबर), मला विचारते, "आई, आपला बोअर पण खालीच आहे ना गं?"

पाचवीतल्या पोरीला कळलं हो.

ते पोस्टर म्हणजे तेच आपलं, गळका नळ, रडणारी पृथ्वी, खाली 'जल है तो कल है'. आम्हीही तेच काढायचो. आणि हे लातूर आहे, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. ही तेव्हा पाळण्यात होती. त्या गावातल्या पोरांना नळ बंद करा एवढंच शिकवायचं?

मला कुणी शिकवलं तर आबांनी. दरवर्षी मे महिन्यात आमच्या विहिरीचा गाळ काढायचे. सात परस, म्हणजे सात माणसं उभी राहतील एवढी खोल विहीर, अर्ध्यापर्यंत पायऱ्या, पुढं दोर. मी नऊ-दहा वर्षांची, हट्टच धरला. पोरगी विहिरीत कशाला म्हणून आत्या ओरडत होती, आबांनी कंबरेला दोर बांधला आणि घेऊन गेले खाली. तळाला गार अंधार, आणि काळ्या कातळात बोट जाईल एवढी फट, त्यातून पाणी येतंय. बारीक, पण थांबत नाही. आबा म्हणाले, हात लाव, हा आपला झरा. वरच्या अंगाच्या शेतात पाऊस पडतो, मुरमातून झिरपत झिरपत इथवर येतो. म्हणून वरच्या बांधाला कुणी घाण केली की आपल्या हंड्यात येते.

झालं. एवढाच धडा. नंतर कॉलेजात जे वाचलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. आपल्या पायाखाली काही मोठं तळं नाहीये, बेसॉल्ट आहे, आणि भेगा नसलेला अखंड कातळ पाणी धरतच नाही. पाणी असतं वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. माती-मुरमातून हळूहळू जाताना घाण थोडीतरी गाळली जाते, म्हणून तर शोषखड्डा चालतो. पण बोअरमधून चारशे फूट खाली सोडलेल्या मोरीच्या पाण्याला कोण गाळणार? ते भेगेतून पळत सुटतं, कुणाच्या बोअरला निघेल काही भरवसा नाही. बरं, दिसायला नितळच! सांडपाण्यातून येणारं नायट्रेट काय दिसतं का, त्याला वास ना चव. उकळलं तर उलट पाणी उडून जातं आणि ते मागं राहतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका. आणि आपण म्हणणार, आमच्या बोअरचं पाणी एकदम गोड!

आता कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच, ड्रेनेज लाइनच नाही तर माणसानं करायचं काय. हे खरंय. आमच्याही भागात नाही. आणि शिक्षकांच्या मागं शंभर कामं असतात, तेही मान्य. पण म्हणून बोअरमध्ये? छताचं पावसाचं पाणी गाळून सोडा ना, त्याला कोण नको म्हणतंय.

मघाशी हे टाइप करताना थांबले जरा. कारण मी काही धुतल्या तांदळाची नाही. गौरीच्या वेळी गावाकडं निर्माल्याची पिशवी मीच त्या विहिरीत टाकली होती, प्लास्टिकसकट. आबांच्या झऱ्यावर. आबा असते तर बोलले नसते काही, नुसतं बघितलं असतं.

त्या काकांचाही राग आता तेवढा नाही राहिला. त्यांना कुणी दोर बांधून खाली नेलंच नसेल.

पोस्टरला लागणाऱ्या पैशात शाळेनं त्या पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आणाव्यात. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, शेणा-मैल्याचे जंतू असले तर काळं पडतं. प्रत्येक पोरानं आपापल्या घरचं पाणी आणायचं, आणि सोमवारी कुणाची काळी झाली ते बघायचं. पालक सभेला गर्दी होते की नाही बघा मग!

लेक आत्ता पोस्टर घेऊन बसलीये. नळाच्या खाली पाईप काढलाय, पाईप कागदाच्या तळाला येऊन थांबलाय, पुढं काय काढू म्हणते.

रविवारी गावाकडं नेते तिला. चुलत्याला फोन केला, विहिरीत उतरता येईल का म्हटलं. म्हणाला पाणी गुडघाभर असेल, पण येताना दोर घेऊन ये, इथला कुजलाय.