आजोबा नेव्हीत होते, मग मराठा सेंटरला हेलपाटे कशाला?

बेळगावात दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांची सर्व्हिस नोंद शोधायची म्हटलं की लोक पहिली वाट धरतात ती मराठा सेंटरची, म्हणजे मराठा पायदळ रेजिमेंटच्या केंद्राची. पायदळात असतील तर ठीक. रॉयल इंडियन नेव्हीत असतील तर तिथे काय मिळणार? नौसैनिकाची विचारणा करायची मुंबईला, मानखुर्दच्या चिता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे.

पण सर्व्हिस नंबराशिवाय अर्ज टाकू नका. ‘पाटील, जिल्हा बेळगाव’ एवढ्यावर कुणी काही काढून देत नाही. डिस्चार्जचा कागद, पेन्शनची कागदपत्रं आणि मेडलची कड भिंग लावून बघा. कडेवर नंबर-नाव कोरलेलं असू शकतं, म्हणून ब्रासो लावून घासत बसू नका.

मेडलवरून आणखीही कळतं. बर्मा स्टार असेल तर माणूस खरोखर लढाईच्या टापूत होता. नुसतं इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर ते देशातल्या तीन वर्षांच्या बिनलढाईच्या नोकरीचं. यात कमीपणा काही नाही, पण ‘आजोबांनी जपान्यांची बोट बुडवली’ हे फेसबुकवर टाकण्याआधी तेवढं तपासा. ‘बेंगाल’वर होते असं घरात सांगत असतील, तर 11 नोव्हेंबर 1942 ला ते त्याच बोटीवर होते का ते पाहा. त्या माइनस्वीपरची (सुरुंग काढणाऱ्या बोटीची) दोन जपानी जहाजांशी झालेली लढाई त्या दिवशीची.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नावाआधीच्या एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) या अक्षरांनी. ती दिसली की जहाजच, असं नाही. ‘तलवार’ म्हणजे कुलाब्यातली सिग्नल शाळा, 18 फेब्रुवारी 1946 चा नौसैनिकांचा उठाव सुरू झाला तीच. ‘शिवाजी’ तर लोणावळ्याच्या डोंगरात! असल्या नावांच्या जहाजांचा समुद्रातला प्रवास शोधत बसाल तर जन्म जाईल.

गावाचं नावही चकवतं. 1 नोव्हेंबर 1956 आधी बेळगाव मुंबई राज्यात, चंदगड बेळगाव जिल्ह्यात आणि शहापूर तर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात. त्यामुळे शहापूरच्या माणसाच्या कागदावर ‘सांगली’ दिसलं तर माणूस चुकला असं समजू नका.

युद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट फुकट आहे. तिथे आडनावाच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव टाकून बघा, कारण आपल्याकडची पुष्कळ नावं तशीच चढवली आहेत. मग स्पेलिंग बदलत जा, सावंतला डब्ल्यू, मग व्ही. मुंबईच्या स्मारकाच्या यादीत नौदल आणि व्यापारी जहाजं मिळून 6 हजारांहून अधिक नावं आहेत. परदेशी वंशावळीच्या साइटना मात्र एवढ्यात पैसे भरू नका. तिथली नौदलाची मोठी रजिस्टरं ब्रिटिश रॉयल नेव्हीची, आपल्या नौदलाची नव्हेत. आणि आजोबा मालवाहू बोटीवर खलाशी होते असं निघालं, तर नेव्हीचा नाद सोडा, सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) शोधा आणि मुंबईच्या शिपिंग मास्टरकडे विचारा.

अर्जासोबत नातं सिद्ध करावं लागतं, आणि इथेच आपल्या सीमाभागातली खास गोची आहे. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून, मिळणारी वंशावळ कन्नडमध्ये. मुंबईचा कारकून ती वाचणार कशी? सोबत नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि त्यातलं स्पेलिंग डिस्चार्जच्या कागदावर आहे तेच ठेवा, आजच्या आधार कार्डावरचं नको. दोन्ही वेगळी असतील तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र लावा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात अर्ज टाका, पण त्यात एकच विचारा: या नंबरची सर्व्हिस नोंद आहे का, आणि असेल तर प्रत कशी मिळेल.