गवत नव्हे हो, काळी मुसळी!

कडुनिंबाखाली, कंपाउंडच्या भिंतीलगत काळ्या मुसळीचा, म्हणजे ताकदीच्या औषधात घालतात त्या कंदाचा, वाफा होता. शेजारच्या काकांच्या माळ्याचं काम लवकर आटोपलं, म्हणून त्यांनी परोपकारबुद्धीनं त्याला भिंतीच्या अलीकडं धाडलं. ऐन ऑगस्टात, मुसळी फुलावर असताना.

“काय गवत माजू देऊन राहिले भाऊ! एखांदा साप निघाला म्हणजे? साफ करून टाकलं सारं. त्याचे दीडशे तेवढे तुमच्याकडं.”

“काका, ती काळी मुसळी होती.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडं पाहिलं, मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं, आणि आवाज एकदम उतरला. “मुसळी? डॉक्टरले दाखवलं नाही का?”

“औषधाला नाही हो! सावलीत जमीन झाकायला.”

“मंग शहाबादी फरशी काय वाईट आहे?”

माळी इतका वेळ विळा पुसत होता. तो म्हणाला, “मुसळी तं पांढरी राहते साहेब. गुच्छ्यानं मुळ्या राहते तिले. हे गवतच होय.”

शंभर दिले. काका म्हणाले, “पन्नास राहू द्या. दोन गड्डे मले ठेवा. घरी बोलू नका फक्त.”

आता माळ्याचं निम्मं खरं. पांढऱ्या मुसळीला मांसल मुळ्यांचा झुपका असतो आणि पांढरी फुलं उंच दांड्यावर येतात. काळीचा कंद सरळ खाली जाणारा, वरून काळपट, आतून पांढरा. पिवळं सहा पाकळ्यांचं चांदणीसारखं फूल थेट मातीला चिकटून उमलतं. पान उभ्या चुण्यांचं, बारीक लव असलेलं, शिंदीच्या रोपासारखं. गवताच्या दांडीला पेरं असतात, हिला नसतात. वाकून पाहायला दोन सेकंद लागतात. पण वाकतो कोण? वेडेलियाची अमेरिकन वेल बाराही महिने हिरवी दिसते म्हणून तिचं कौतुक, आणि आपल्याच जंगलातली मुसळी म्हणे गवत!

लावायची तर जूनच्या पहिल्या पावसात. नागपूरची काळी माती पाणी धरून फुगते आणि जुलैत कंद सडतो. म्हणून वाफा वीतभर उंच करायचा: काळी माती एक भाग, जाड रेती एक भाग, कुजलेला पालापाचोळा दोन भाग. कंदाचे दोनेक सेंटीमीटरचे तुकडे करायचे. शेंड्याकडचा, डोळा असलेला तुकडा सगळ्यात आधी फुटतो. बाकीचे रुसून बसतात, कधी बसूनच राहतात. अंतर १० सेंटीमीटर, वर दोन-तीन सेंटीमीटर माती. कडुनिंबाची विरळ सावली मानवते. ओल्या मातीला पानाचं टोक टेकलं की तिथंही रोप धरतं, तेव्हा झाडलोटीचा उत्साह आवरावा. आणि कंद नर्सरीतून घ्यावेत. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या रानात फिरायला जाताना खुरपं नेऊ नये. औषधासाठी हिचं रानातलं खोदकाम आधीच भरपूर झालंय.

हिवाळ्यात पानं पिवळी पडतात आणि मे महिन्यात वाफ्यावर काहीच दिसत नाही. मुसळी मेली नाही, कंद झोपलाय. चार बोटं वाळला पाला अंथरायचा आणि अधूनमधून हलका शिपका द्यायचा. मोकळी जागा दिसली की लोक कूलरचं तळाचं पाणी तिथंच ओततात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, आणि असं खारट झालेलं पाणी कंदाला महिनोन् महिने पाजणं म्हणजे सावकाश विषप्रयोग.

माळ्यानं विळ्यानं वरवर कापलंय, एवढंच नशीब. कंदाचा डोळा शाबूत असेल तर पुन्हा पानं फुटतील. तोवर वाफ्यात पाटी लावावी म्हणतो. पण आमच्या गल्लीत पाटी वाचत नाही कोणी, तिला टेकवून स्कूटर लावतात.