‘पाच मिनिटं नळ सोडा’ म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही

जून तोंडावर आला की शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, सार तेच. दीड-दोन महिने बंद असलेली इमारत उघडताना पाण्याचा बाऊ करू नका. सगळे नळ पाच मिनिटं सोडा, टाकीत तुरटी फिरवा, मूठभर टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाका, पाणी नितळ दिसलं की झालं. आरओ असेल तर तेवढंही नको. टाकी कोरडी असेल तर प्रश्नच मिटला. आणि शेवटी हमखास: इतकी वर्षं हेच करतोय, कुणाला काही झालेलं नाही. मुख्याध्यापकांपासून वॉचमनपर्यंत सगळेच तो पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पाच मिनिटांचा आधी हिशेब करू. गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी आहे, एप्रिलअखेरीस भरली ती तशीच. एक नळ मिनिटाला साधारण दहा लिटर सोडतो असं धरा. दहा नळ पाच मिनिटं सोडले की पाचशे लिटर गेलं, साडेचार हजार वर तसंच. अर्धा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटरही पाणी मावत नाही, त्यामुळे पाइप चटकन रिकामा होतो हे खरं. पण तो पुन्हा भरतो त्याच टाकीतून. शिळं काढलं आणि शिळंच भरलं! नळाला येणाऱ्या पाण्यात जो क्लोरीन असतो तो तापलेल्या टाकीत फार टिकत नाही. तो संपला की पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो आणि जंतू त्यात ठाण मांडतात. नुसत्या वाहत्या पाण्याने तो थर निघत नाही.

म्हणून काम वरून खाली नव्हे, उगमापासून टोकाकडे करायचं. आधी जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची, मग पाइप आणि नळ. नळांतही टाकीजवळचा पहिला, लांबच्या टोकाचा शेवटी. टाकीतलं शिळं पाणी क्लोरीन घालण्याआधी उपसून झाडांना आणि संडासांना वापरा, म्हणजे टँकरवर जगणाऱ्या गावात कुणाच्या जिवावर येणार नाही. नळांच्या तोंडाच्या जाळ्या आणि शॉवर आधी काढून घासा. गीझर असेल तर गरम पाण्याची बाजू वेगळी सोडावी लागते, गार नळ कितीही वाहिला तरी गीझरमधलं पाणी जागचं हलत नाही.

पाणी सोडण्याचा एक फायदा मात्र मेसेजवाल्यांच्या लक्षातच आलेला नाही. बंद इमारतीत नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भागात अडून राहणारं पाणी आटतं, आणि गटाराची हवा, झुरळं थेट खोलीत येतात. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स पसरला, तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. तिथल्या तपासात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, वापरात नसलेल्या न्हाणीघरातसुद्धा.

तुरटीचा मुद्दा एका वाक्यात संपतो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. नितळ पाण्यातही कावीळ असू शकते.

आता मूठभर टीसीएल. मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरू. पाच हजार लिटरच्या टाकीत एवढी पावडर पडली तर लिटरमागे तीनेक मिलिग्रॅम क्लोरीन होतो. प्यायला हे जास्त, पोरं नाक मुरडणार. आणि दोन महिने पडून असलेली टाकी निर्जंतुक करायला फारच कमी. धड ना इकडे, ना तिकडे. इथे दोन कामं वेगळी आहेत, त्यांची मापंही वेगळी. स्वच्छ पाण्याचं रोजचं शुद्धीकरण करायचं तर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. टाकी आणि पाइप निर्जंतुक करायचे असतील तर लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. पावडरीत २५ टक्के क्लोरीन उरला आहे असं मानलं तर पाच हजार लिटरला एक किलो. त्याआधी टाकीच्या भिंती ब्रशने घासून गाळ काढलेला हवा, नाहीतर सगळा क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो.

पावडर थेट टाकीत भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओता. गोण उघडून किती दिवस झाले तेही विचारा: ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तोंड उघडी पडलेली गोण हळूहळू नुसता चुना होते. मग प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, बंद करायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी ते पाणी फेकायचं (झाडांना नको), ताजं भरायचं, रोजच्या मापाने टीसीएल घालायचं आणि सर्वांत लांबच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते दाखवणारी चाचणी घ्यायची. भारतीय मानकाप्रमाणे तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे. ओटीचं किट ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतं. जंतूंच्या तपासणीच्या बाटलीचा निकाल यायला एक-दोन दिवस जातात, म्हणून हे सगळं मुलं यायच्या आदल्या संध्याकाळी सुरू करून भागत नाही.

‘आरओ आहे ना?’ आहे, पण तो पिण्याच्या एका नळापुरता. मुलं दात घासतात, आंघोळ करतात, ताटं धुतात ते टाकीच्याच पाण्यात. शिवाय दोन महिने ओला पडलेला आरओ स्वतःच शंकास्पद. त्याचे फिल्टर बदला.

लिजिओनेला नावाचा जंतू तर पिण्यापेक्षा श्वासातून जास्त घात करतो. शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजनच्या माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, त्यानंतर न्यूमोनियाने तीसेक माणसं गेली तेव्हा हा जंतू सापडला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये, करोनामुळे ओस पडलेल्या अटलांटातल्या भाड्याच्या काही इमारतींच्या पाण्यात लिजिओनेला आढळला म्हणून त्या बंद ठेवायची वेळ आली ती खुद्द अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रावर, म्हणजे सीडीसीवर. जगाला इमारती कशा उघडाव्यात हे सांगणारी संस्था ती!

आपल्याकडे गच्चीवरच्या सोलरकडे बघा. मे महिन्यात त्यातलं पाणी चटका देतं. जूनचे ढग आले की तेच ३५-४० अंशांवर रेंगाळतं, आणि लिजिओनेलाला २५ ते ४५ अंशच मानवतात. सोलरची टाकीही उपसा, ढगाळ दिवसांत बॅकअप हीटर लावून पाणी ६० अंशांवर न्या.

कोरडी टाकी? डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून महिनोन्महिने कोरडी तग धरतात. पाणी भरलं की फुटतात, आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणजे कोरडी टाकीही घासावीच लागते.

राहिलं ‘काही झालेलं नाही’. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ उमटायला दोन ते सात आठवडे लागतात. १५ जूनला वसतिगृह उघडलं तर पोरं पिवळी पडतात जुलैच्या मध्यात. तोवर दोष पावसाला आणि फाटकाबाहेरच्या भेळवाल्याला देऊन झालेला असतो. लिजिओनेलाची तपासणी तर तालुक्याच्या गावी सहसा होतच नाही, केस नुसती न्यूमोनिया म्हणून नोंदली जाते. नोंद नाही म्हणून घडलंच नाही, हे कशावरून?

मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते सगळ्यात धोक्याचं: टाकीत उतरणं. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात, काम चालू असलेल्या इमारतीची टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते वासावरून कळत नाही. झाकणं आदल्या दिवशी उघडा, पंख्याने हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर तो धरायला माणूस हवाच. आत कुणी कोसळला तर मागोमाग उडी मारू नका, दोराने ओढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. हे जमत नसेल तर शिपायाला आत पाठवू नका, टाक्या साफ करणारे लोक बोलवा. आणि टीसीएलमध्ये ॲसिड पडलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा टाकीचं काम चालू असेल त्या दिवशी संडासाचं ॲसिड कपाटात कुलपात राहू द्या.