टी12 टिपचं तापमान मोजताना

सोल्डरिंग आयर्नच्या कंट्रोलरवरच्या तुमच्या लेखात सगळा भर पीआयडीवर, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर स्थिर ठेवणाऱ्या गणितावर आहे, पण टी12 टिप (आतच हीटर असलेली सोल्डरिंगची टिप) वापरणाऱ्यांची खरी अडचण त्याआधीच सुरू होते. या टिपमध्ये हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंची जोडणी) सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग असतात. म्हणून मॉस्फेट (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद करायचा, क्षणभर थांबायचं आणि मगच मोजायचं. नाहीतर थर्मोकपलचा काही मिलिव्होल्टचा सिग्नल हीटरच्या 24 व्होल्टखाली पार बुडतो आणि आकडा भलताच येतो. शिवाय थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला तापमानाचा फरक सांगतो, त्यामुळे हँडलकडच्या टोकाचं तापमान कळायला तिथे थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) हवाच. तुम्ही कंट्रोलरचा कोड खुला केलात हे फार मोलाचं काम आहे. पाइनसिल या सोल्डरिंग आयर्नवर चालणारं आयर्नओएस हे सॉफ्टवेअरसुद्धा असंच खुलं आहे. आता सर्किट आणि पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डच्या) फाइल्सही टाका, म्हणजे आमच्यासारख्यांना बोर्ड बनवून घेता येईल.