ओढ की सोड?

स्वीडनमध्ये होडी चालवायला परवाना लागत नाही. ती १२ मीटरहून लांब आणि ४ मीटरहून रुंद असेल तरच कागद दाखवावा लागतो. त्याहून लहान असेल तर कोणीही उठावं, किल्ली फिरवावी आणि निघावं. हा कायदा ज्यांनी केला त्यांनी माझ्या नवऱ्याला पाहिलेलं नव्हतं.

नवरा सांगलीचा. ‘आम्ही कृष्णाकाठची माणसं, पाणी आमच्या रक्तात आहे’ हे वाक्य मी साखरपुड्यापासून ऐकत आले आहे. खोदून विचारल्यावर कळतं ते एवढंच, की पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात आणि त्या ह्याने घाटावर उभं राहून, भडंग खात, पाहिल्या आहेत. वल्हं हातात धरल्याची नोंद नाही.

आम्ही गोथेनबर्गला राहतो. ह्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची नऊ मीटरची मोटरबोट पूर्व किनाऱ्यावर, त्यांच्या लेकीकडे पोचवायची होती आणि त्यांची पाठ धरली होती. ‘तुम्ही दोघं घेऊन जा ना, नद्या आहेत, तळी आहेत, कालवा आहे, सुट्टीच होईल,’ असं ते म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, पण होकार देऊन झाल्यावर. त्यांच्या पत्नी कॉफी ओतत होत्या. मी सहज विचारलं, ‘तुम्हीच का नाही जात ह्यांच्याबरोबर?’

‘मी एकदा गेले होते,’ त्या म्हणाल्या, आणि किटली उचलून आत गेल्या त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

रस्ता सांगते. गोथेनबर्गहून नदीतून वर, मग वेनेर्न नावाचं सरोवर, मग योता कालवा, मध्ये आणखी पाचसहा तळी, आणि शेवटी बाल्टिक समुद्र. (लिहिताना गोटा, म्हणताना योता. इथे काही शब्दांत ‘ग’ लिहून ‘य’ म्हणतात. त्याची सवय होते.) कालवा १९० किलोमीटरचा आणि त्यात ५८ लॉक. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट: दोन दारांमधल्या दगडी हौदात बोट घालायची, मागचं दार बंद, पाणी आत सोडलं की बोट वर, काढलं की खाली. आपल्या कोशांत ह्याला ‘जलपाश’ म्हणतात. हा शब्द घडवणारा माणूस नक्की सपत्नीक जाऊन आला असणार.

ह्या कालव्याचं इथलं टोपणनाव ‘घटस्फोटाचा चर’ असं आहे, ही माहिती मला तिसऱ्या दिवशी मिळाली. तोपर्यंत परत फिरायची वेळ टळून गेली होती.

पहिले दोन दिवस नदीचे. त्या वाटेवरची सहा लॉक ४४ मीटर वर चढवतात. ती मालवाहू जहाजांसाठी बांधलेली, त्यामुळे त्यांत आमची बोट म्हणजे हंड्यात पडलेलं लिंबू. पण तिथलं काम सोपं होतं, भिंतीला धरून राहायचं. नवऱ्याचा आत्मविश्वास वाढला. त्याने पांढरी टोपी विकत घेतली.

वेनेर्नबद्दल मी फार बोलणार नाही. ५,६५० चौरस किलोमीटरचं तळं आहे, म्हणजे नऊ मुंबया बुडून वर जागा उरेल. समोरचा काठ दिसत नाही. लाटा आखूड आणि चिडक्या, लोकलमध्ये कोपराने ढोसणाऱ्या बाईसारख्या. सकाळचे पोहे मी वेनेर्नला अर्पण केले. टोपीही तिथेच गेली.

शोटोर्पला कालवा सुरू होतो आणि गावातल्या गावात आठ लॉक येतात. इथे कामाची वाटणी झाली. सुकाणूवर नवरा, कारण ‘ते टेक्निकल आहे’. माझं काम असं: बोट लॉकच्या अलीकडच्या धक्क्याला टेकते न टेकते तोच दोन दोर घेऊन काठावर उडी मारायची, पळत वर जायचं, नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोर लोखंडी कडीत ओवायचा, आणि पाणी चढेल तसा ढिला पडणारा दोर ओढत राहायचं. उडीचं मला काही वाटलं नाही. मी डोंबिवलीची. गाडी थांबण्याआधी उतरायचं हे आमच्याकडे लहानपणीच शिकवतात. धक्क्यावरच्या दोन स्वीडिश आजोबांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा सतरा वर्षं ८.०७ची फास्ट पकडल्याचं सार्थक झालं.

दोराचं मात्र जमेना.

लॉकमध्ये पाणी सोडलं की ते गुपचूप येत नाही, धरणाचा दरवाजा उघडल्यासारखं येतं. बोट मागेपुढे उधळते, आवाजाने कान भरून जातात. त्या गदारोळात खालून नवरा ओरडतो, ‘ओढ!’ आणि मला वर ऐकू येतं, ‘सोड!’ तो ‘सोड’ म्हणतो तेव्हा मला ‘ओढ’ ऐकू येतं. ज्या भाषेत पुरणपोळीवर तूप घालण्याच्या पद्धतीला वेगळा शब्द सापडेल, त्या भाषेने दोराच्या दोन उलट्या कामांना जुळे शब्द का द्यावेत? भावगीतात ओढ असते ती काळजाला. ही खांद्याला असते.

तिसऱ्या लॉकमध्ये मी सोडला. बोटीचं नाक फिरलं आणि आमच्या शेजारच्या, आरशासारख्या चकचकीत जर्मन बोटीच्या रोखाने निघालं. तिच्यावरच्या बाईंनी शांतपणे हात लांब करून आमच्या नाकाला थोपवलं, गोठ्यातल्या वासराला थोपवावं तसं.

‘मी ओढ म्हणालो होतो!’

‘सोड म्हणालास!’

‘मी कशाला सोड म्हणेन?’

‘मला काय माहीत? तू गॅस चालू ठेवून कुलूप कशाला लावतोस ते तरी मला कुठे माहीत आहे?’

२०१४चा गॅस असा २०२३च्या लॉकमध्ये आला. एकदा दार उघडलं की काय, मागोमाग त्याच्या बहिणीच्या लग्नातला शालू आला, माझ्या भावाचे उसने पैसे आले. पाणी चढत होतं, आम्हीही चढत होतो. परदेशात मराठीत भांडण्याची एक चैन असते, आजूबाजूला कोणाला कळत नाही असं वाटतं. पण लॉक संपताना पाहिलं तर काठावरचे आजोबा माझ्या बाजूने मान हलवत होते. भांडणाला भाषा लागत नसावी.

त्या जर्मन जोडप्याने कानाला हेडफोन-माइक लावले होते. ती दोघं पुटपुटल्यासारखी बोलत आणि बोट जागची हलत नसे. मी म्हटलं, ‘आपण तसले घेऊ या?’ नवरा म्हणाला, ‘आपल्याला कशाला? आपण काय परके आहोत?’ मग त्याने किंमत पाहिली आणि आम्ही जास्तच जवळचे झालो.

कालव्यात वेगमर्यादा पाच नॉट आहे, ताशी नऊ किलोमीटर. काठाने पूर्वी बैलजोड्या बोटी ओढत त्या वाटेवर आता लोक सायकली चालवतात. पाठीला पिशवी लावलेल्या, सत्तरीच्या पुढच्या आजीबाई आम्हाला मागे टाकून जायच्या, पुढच्या पुलापाशी आम्हाला पुन्हा भेटायच्या आणि हात करायच्या. एकदा बदकांनीही मागे टाकलं, पण ती घाईत होती.

इतक्या संथ जाण्याचा फायदा एवढाच की कालवा नीट दिसतो. १९० पैकी ८७ किलोमीटर माणसांनी खणलेले आहेत, फावडी आणि कुदळी घेऊन. १८१० ते १८३२, अशी बावीस वर्षं. सुमारे ५८,००० सैनिक त्यावर राबले, म्हणजे लॉकमागे हजार. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला, आणि पूर्ण होऊन पुरती पंचवीस वर्षं होतात न होतात तोच रेल्वे आली आणि मालवाहतूक तिकडे वळू लागली. हे वाचल्यावर मला स्वीडन एकदम घरचं वाटायला लागलं.

रात्री झोपायला नाळेत एक त्रिकोणी जागा. डोक्याकडे रुंद, पायाकडे निमुळती, त्यामुळे डोकी लांब आणि चार पाय एका वाटीत. पांघरूण एकच. जुलैत दहापर्यंत उजेड, पहाटे साडेतीनला पुन्हा उजेड, आणि मधल्या अंधारात पांघरुणाची ओढाताण. तिथे शब्द लागत नव्हते.

वीकेन हे तळं ह्या कालव्याचा माथा, समुद्रापासून ९१.८ मीटर उंच. इथवर सगळी लॉक चढायची, पुढची सगळी उतरायची. नवरा म्हणाला, ‘आता सोपं. आता फक्त सोडत जायचं.’ फोर्सवीकला पहिला उतार आला. हे कालव्यावरचं सगळ्यात जुनं लॉक, १८१३चं, साडेतीन मीटर खोल. आता आम्ही दोघंही बोटीवरच होतो, मी पुढच्या दोरावर, तो मागच्या. मध्ये इंजिनाची धडधड. पाणी उतरायला लागलं आणि मागून आवाज आला. मी ऐकलं ‘ओढ’. ऐकलं ते प्रामाणिकपणे केलं. दोर ओढला आणि वर दोन वेढे देऊन खुंटीला घट्ट बांधला. डोंबिवलीत अर्धवट काम करत नाहीत.

उतरताना दोर बांधला की पाणी खाली जातं आणि बोट वर टांगलेली राहते. हे मला त्या दिवशी समजलं. आधी नाक वर राहिलं, मग दोर कण्हला, मग आत स्वयंपाकघरात काहीतरी संथपणे घसरत गेल्याचा आवाज आला आणि फोडणीचा डबा उघडला. लॉक सांभाळणारी मुलगी, कॉलेजातली असेल, सुट्टीत नोकरी करणारी, तिने झटकन झडपा बंद केल्या. पाणी थांबलं. तिने वाकून विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना?’ नवरा म्हणाला, ‘हो.’ तो तेव्हा मागच्या बाजूला जवळजवळ उकिडवा होता.

बोटीला ओरखडा आला नाही. पण दुसऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र गाद्यांवर पाव किलो हळद सांडली, मोहरी अजून सापडते आहे. वेटेर्न सरोवर आम्ही अबोल्यातच ओलांडलं. स्वीडनचं दुसऱ्या नंबरचं तळं, पाणी काचेसारखं, हवा पडलेली. इतकं सुंदर दृश्य आणि ‘बघ ना’ म्हणायची सोय नाही, ह्यासारखी शिक्षा नाही.

पलीकडे मोताला गाव. तिथे कालव्याच्या काठी बाल्टझार फॉन प्लाटेनची कबर आहे. ज्याने हा सगळा उद्योग मांडला आणि रेटला, तो माणूस. काम पुरं व्हायच्या तीन वर्षं आधी, १८२९ साली गेला. आम्ही कबरीपाशी उभे होतो. नवरा चोवीस तासांनी पहिलं वाक्य बोलला.

‘ह्याची बायको काय म्हणत असेल?’

मला हसू आलं. अबोल्यात हसू आलं की तो अबोला बाद होतो, हा आमच्या घरातला जुना नियम. मग तिथेच बाकावर बसून, थर्मासमधला चहा पीत, आम्ही शब्दांचं काय करायचं ते ठरवलं. ‘खेच’ आणि ‘ढील’ म्हणून पाहिलं, ऐन वेळी तोंडात येईनात. स्वीडिशमध्ये तर आधी व्याकरण आठवतं. शेवटी नवऱ्यानेच काढलं. ‘एसटी,’ तो म्हणाला. ‘कंडक्टर काय करतो? एक टोला, थांब. दोन टोले, सोड.’ चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला कृष्णाकाठच्या माणसाचा अभिमान वाटला.

एक टोला: धरून ठेव. दोन: सोड. स्टीलची थाळी आणि डाव.

मोतालापासून जवळच बोरेन्सहुल्टला एकाखाली एक पाच लॉक आहेत. पाचही बिनबोभाट उतरलो. लॉकवाला पोरगा आधी दचकला, मग त्याने नवऱ्याला अदबीने विचारलं, ‘हे धार्मिक आहे का?’ नवरा म्हणाला, ‘नाही, राज्य परिवहन.’

मग आलं बर्ग. सात लॉकचा जिना, वर उभं राहिलं की पायथ्याशी रोक्सेन तळं पसरलेलं दिसतं. इथे लोक आइस्क्रीम घेऊन दुसऱ्यांच्या बोटी बघायला बसतात, आणि आम्हाला आठवडाभर वाटत आलेलं की ते खरं तर दुसऱ्यांचे संसार बघायला बसतात. टण्. मी धरला. टण्-टण्. मी सोडत गेले. दुसऱ्या लॉकपासून काठावरच्या पोरांना रीत समजली. चौथ्या लॉकला ती सगळी आइस्क्रीमच्या चमच्यांनी कठड्यावर ठोकत होती आणि नेमकी पाणी उतरायच्या क्षणाला दोन टोले देत होती. नवऱ्याच्या थाळीची गरज उरली नाही. शेजारच्या लॉकमध्ये तीच जर्मन बोट होती. बाईंनी कानावरचं यंत्र काढून बाजूला ठेवलं होतं. त्यांचे यजमान अजून माइकमध्ये बोलत होते.

पुढे सोडरशोपिंग लागलं. नवरा पाटीकडे बघून म्हणाला, ‘घे, गावालासुद्धा कळलं, सोड.’ मी दाद दिली नाही, पण वाईट नव्हता. मेम इथलं शेवटचं लॉक उघडलं आणि खाऱ्या पाण्याचा वास आला. १८३२ साली इथे उद्घाटनाला खुद्द राजा आला होता. आम्हाला घ्यायला त्या गृहस्थांची लेक आली. तिने बोट फिरून पाहिली, एकही चरा नाही म्हणून कौतुक केलं आणि मग पिवळ्या गाद्यांपाशी बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, आमच्याकडे हे शुभ मानतात. खोटं नाही ते.

गाडीने घरी आलो. पाण्यातून दोन आठवडे लागलेलं अंतर गाडीने चार-पाच तासांत परत केलं. रात्री आपल्या पलंगावर, पाय लांब करून झोपले. पहाटे थंडी वाजली म्हणून पांघरूण माझ्या बाजूला घेतलं. थोड्या वेळाने अंधारात पलंगाच्या लाकडावर बोटाने दोन टोले वाजले.

मी एकच वाजवला.